नियम क्रमांक चौदा आणि आखाजीचे मांडे

निसर्गसौरभ सोसायटी, फ्लॅट ४०२,
जळगाव. चैत्र वद्य षष्ठी, बुधवार.

तीर्थस्वरूप झुलाल आबांना धाकट्या हिलालचा वाकून नमस्कार (गुडघे हल्ली वाकत नाहीत, म्हणून मनातल्या मनात वाकलो आहे, तुम्ही पूर्ण धरावा). धुळ्याला ऊन काय म्हणतं? वहिनींची कंबर कशी आहे? तुमच्याकडे बठ्ठं, म्हणजे सगळंच, बरं असेल असं धरून चालतो, कारण बरं नसलं की तुम्ही लगेच कळवता आणि बरं असलं की वर्षभर तोंडातून शब्द काढत नाही.

खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्हाला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागतं. घरात रेंज येत नाही, म्हणून गॅलरीत उभं राहून मोठ्याने बोलावं लागतं. आणि गॅलरीत उभं राहून मोठ्याने बोलायला आमच्या सोसायटीत नियम क्रमांक अकराने बंदी आहे. मागच्या वेळी तुमच्या मोतीबिंदूची चौकशी केली, तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तीन जणांनी मला विचारलं की आबांचा डोळा आता कसा आहे. म्हणून हे पत्र. टपालाने पाठवत नाही, धुळे गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतो आहे. तीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून शिट्टी फुंकली, एवढा मान अजून आहे. सोसायटीत तेवढाही नाही.

आबा, माझं डोकं फिरलंय. तुम्हालाही इथे पहिल्या मजल्यावरचा १०२ नंबर मीच आग्रह करून घ्यायला लावला (तुम्ही तो कुलूप लावून ठेवलात आणि सुटलात), तेव्हा सोसायटीचे फायदे मी तुम्हाला बोटांवर मोजून दाखवले होते. ते खोटे नव्हते, हे आजही सांगतो. टाकी कायम भरलेली असते. गेटवर भटूभाऊ वॉचमन बसतो, त्यामुळे चप्पल दाराबाहेर काढली तर सकाळी तिथेच सापडते. गेल्या पावसाळ्यात तुमची भावजय कमल जिन्यात घसरली, तेव्हा सेक्रेटरी पियुष स्वतःची गाडी काढून तिला दवाखान्यात घेऊन गेला, आणि तिच्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत एक दिवस आमच्या घरी चूल, म्हणजे गॅस, पेटला नाही. एकेका घरातून पाळीपाळीने डबा आला. धरणगावच्या आपल्या गल्लीतसुद्धा इतकं झालं नसतं. हे सगळं मान्य. पण माणूस काय नुसता पाय मोडून घ्यायलाच सोसायटीत राहतो का? पाय धड असताना त्याने करायचं काय? तर नियम वाचायचे! एकूण बावीस आहेत, लिफ्टशेजारी काचेत लावलेत, आणि वर पियुष रोज सकाळी मोबाइलच्या ग्रुपवर एकेक टाकतो, खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

आता मुद्द्यावर येतो. आपली मृणाली. सुरतला दिल्यापासून पोरगी दर अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, धरणगावच्या घरी यायची, तुम्हाला माहीतच आहे. ते घर विकून आम्ही इथे आलो त्याला तीन वर्षं झाली, आणि तीन आखाज्या पोरगी आली नाही. एकदा मुलीची परीक्षा, एकदा सासूचं ऑपरेशन, एकदा तर कारण सांगायचंही विसरली. या वर्षी मी फोनवर (गॅलरीतून, हळू आवाजात) स्पष्टच विचारलं, तर स्पष्टच म्हणाली की पप्पा, तुमच्याकडे आखाजी होणार असेल तर येते. झोका पाहिजे आणि खापरावरचे मांडे पाहिजेत. नुसतं सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा तर तो सुरतेलाही आहे, मग मी दिवाळीत येईन. आबा, नात सात वर्षांची झाली, तिला आखाजीचा झोका आठवतसुद्धा नाही. मी पोरीला छातीठोकपणे सांगितलं, तू ये, बापाने सगळं केलेलं असेल. आणि तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

आधी झोका. कंपाउंडात एक कडुनिंब आहे (सोसायटीच्या नावातला निसर्ग तो तेवढाच). दोर घेऊन गेलो, तर भटूभाऊने नियम नऊ दाखवला: झाडाला, खांबाला वा तुळईला कोणतीही वस्तू टांगू नये. म्हटलं, पार्किंगमधली माझी जागा तर माझी आहे? तिथे तुळईला पंख्याचा एक हूक आहे. दोर बांधला, पाट लावला, आणि नातीचं वजन पेलेल की नाही हे बघायला आधी स्वतः बसलो. चार झोके घेतले असतील. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पाचव्या झोक्याला पियुषने फोटो काढला. ग्रुपवर पाच मिनिटांत आला, खाली ओळ: पार्किंगमध्ये अनधिकृत लोंबती वस्तू, कृपया संबंधितांनी काढून घ्यावी. वस्तू म्हणजे दोर की मी, हे त्याने लिहिलं नव्हतं. सहासष्ट वर्षांचा, चौऱ्याऐंशी किलोचा माणूस, पाय वर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. सोळाच्या सोळा घरांनी पाहिला. मृणालीच्या नणंदेपर्यंत सुरतेला पोचला!

मग खापर. ते धरणगावच्या कुंभाराकडून आणलं, गाडीत सबंध वाट मांडीवर धरून, तान्हं लेकरू आणावं तसं. गेटवर भटूभाऊने रजिस्टरमध्ये लिहिलं: खापर, नग एक, ४०२ कडे, येण्याची वेळ दुपारी बारा चाळीस, आणि जाण्याची वेळ विचारली. लिफ्टपाशी गेलो, तर बांधकामाचं साहित्य लिफ्टमधून नेण्यास मनाई. हे बांधकाम आहे का रे बाबा? तर भटूभाऊ म्हणे, मातीचं आहे ना. चढलो जिना. तिसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून टेकलो, तेवढ्यात ३०२ चं दार उघडलं. तिथे द्रौपदाबाई राहतात, माहेर बोदवडचं, आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये खापरावर मांडा टाकता येणारी बाई तीच एक. (आमच्या कमलने जन्मात मांडा केला नाही, धरणगावला आई करायची, आईनंतर शेजारच्या काकू.) बाई बाहेर आल्या, खापरावर बोटाने टकटक केलं, कान लावला, “तडकेल हे” एवढंच म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गेलं वर्षभर असंच चाललंय. माणसाने का रागवावं, किती दिवस रागवावं, याला काही नियम नाही, बाकी सगळ्याला आहे.

आता तुम्ही म्हणाल, गच्चीवर तीन विटा मांडा, चूल पेटवा, हाय काय नि नाय काय. इथेच तर घोडं अडलं ना आबा! नियम क्रमांक चौदा: गच्चीवर चूल पेटवणे, वाळवण घालणे व गर्दी करणे यास सक्त मनाई. एवढी मोठी गच्ची, वर एवढा खान्देशचा सूर्य, आणि खाली सोळा घरांत बिबडे, कुरडया, पापड विकत आणून खातात. ज्याने कोणी हा नियम काढला त्याच्या पोटात कधी बिबड्यांसाठी शिजवलेला ज्वारीचा ऊन ऊन घाटा तेल घालून गेला नसावा. असो. मी कमलला म्हटलं, गॅसवर करू. ती नको म्हणत होती, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पुरण वाटलं, कणीक तिंबली, खापर गॅसवर उपडं घातलं. ते गोल, गॅस एवढासा. मी दोन्ही हातांनी फडक्यात धरून उभा. कमलने पहिला मांडा हातावर घेतला, तो कोपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. दुसरा खापरावर पडला, पण अर्धा. उरलेला अर्धा खाली ज्योतीवर. धूर म्हणजे असा धूर, की मला कमल दिसेना आणि कमलला मी दिसेना (ती म्हणते, तेवढंच बरं झालं). एवढ्यात दार ढकलून पियुष आत, हातात आग विझवायचा तो लाल सिलिंडर. दोन वर्षांपूर्वी आणल्यापासून त्याला तो एकदा चालवून बघायचाच होता, हे मी शपथेवर सांगतो. विचारलं नाही, पुसलं नाही, सोडला फवारा. गॅस, खापर, पुरणाचं पातेलं, मी, सगळे पांढरेफेक. आणि त्या पांढऱ्या धुक्यातून आवाज आला: तट्ट! खापर तडकलं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी नाकातून हसलं, ते मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं.

मी गप्प बसणारा माणूस नाही. चार पानी अर्ज दिला, की आखाजीपुरता एक दिवस नियम चौदा शिथिल करावा. पियुष म्हणाला, काका, मला वैयक्तिक काही अडचण नाही, पण सर्वसाधारण सभेचा ठराव आहे, मी कोण मोडणार? येत्या रविवारी सकाळी दहाला विशेष सभा लावतो, तिथे सभासदाने उभं राहून नियम मागे घ्यायची सूचना मांडावी, सगळे हात वर करतील. किती सोपं, नाही का? सांगा बरं आबा, या माणसांशी कसं वागावं! स्वतःच्या पोरीला माहेरी आणायला बापाने सभा भरवायची? मला तर वाटतं सगळं विकून पुन्हा धरणगावला जावं. इथे माणूस राहत नाही, सभासद राहतो.

वहिनींना नमस्कार. पियुष काल येऊन ओटा स्वतः पुसून गेला, हे तेवढं त्याच्या बाजूने लिहायचं राहिलं. मनातलं बोललो, हलकं वाटलं, बाकी काही काम नव्हतं.

आपला धाकटा,
हिलाल

ता. क. काम एकच आहे. १०२ नंबरचे तुम्हीही सभासद आहात. रविवारी सकाळी सातच्या गाडीने निघून दहाला इथे पोचावं, सभेत उभं राहावं आणि नियम चौदा रद्द करा एवढं तुमच्या तोंडाने म्हणावं. पुढच्या सीटची सोय कंडक्टरला सांगून ठेवली आहे. जेवण आमच्याकडेच.

ता. क. दुसरी. तू स्वतः का म्हणत नाहीस, असं तुम्ही विचारालच, म्हणून आधीच लिहितो. सभेच्या इतिवृत्तात नियम चौदापुढे सूचक म्हणून माझं नाव आहे. झालं असं, की गेल्या चैत्रात टाकीतलं पाणी बघायला मी गच्चीवर गेलो. वर बघत चाललो होतो. द्रौपदाबाईंनी पहाटेपासून खपून बिबडे घातले होते, त्यातले अकरा माझ्या पायाखाली गेले. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “बसस्टँडवर एवढ्या गाड्या दिसत होत्या, अन् पायाखालचे बिबडे दिसत नाहीत?” चार बाया हसल्या. आबा, तीस वर्षं ज्याच्या शिट्टीवर गाड्या हलल्या, त्याला हे सहन होईल का? पुढच्याच सभेत मी चौदावा नियम मांडला. आता तोच मी उभा राहून तोच नियम मागे घेऊ, आणि समोर पहिल्या रांगेत ती बाई बसलेली? माझ्याने होणार नाही. तुम्ही याच.

आबांना कमलचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही रविवारी येऊ नका. तुम्ही आलात तर हे तुमच्या पाठीमागे लपतील. द्रौपदाबाईंकडे मी काल जाऊन आले. त्यांनी बोदवडहून स्वतःचं जुनं खापर मागवलंय, कणकेसाठी गहूही निवडून ठेवलेत. ते मृणालीसाठी, ह्यांच्यासाठी नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना नियम रद्द व्हायचं एवढं अप्रूप नाही. बिबडे तुडवले त्या दिवशी एक “चुकलं” म्हणायचं ह्यांचं राहिलं, तेवढं त्यांना ऐकायचंय. माझा पाय मोडला तेव्हा पहिला डबा त्यांचाच आला होता, हे ह्यांनी तुम्हाला लिहिलं नाही. मृणालीचं तिकीट झालंय, हे ह्यांना अजून माहीत नाही; रविवारी सभा झाली की सांगेन. तुम्ही वहिनींना घेऊन आखाजीला नक्की या. झोक्याचंही रविवारीच उरकून घेऊ म्हणते, कारण नियम नऊपुढेसुद्धा सूचक म्हणून ह्यांचंच नाव आहे.