झिरो म्हणजे शून्य नव्हे

अण्णा, रायफलीवरची दुर्बीण जुळवायला लेझर घेण्यासारखा आहे का, असं आज सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकानं विचारलं, आणि मी तुमचा मुलगा असूनही तोंड उघडायच्या आधी मॅनेजरकडे बघितलं. हे खेळणं तुमच्या वेळी नव्हतं. काडतुसाएवढी पितळी नळी असते. ती काडतुसाच्या जागी सारायची, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो, दुर्बिणीतली फुली त्या ठिपक्यावर आणायची. एकही गोळी न झाडता काम तमाम, असं डब्यावर छापलंय. डब्यावर छापायला कुणाच्या बापाचं काय जातं.

तुम्ही फौजेतून आर्मरर म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याच्या रायफल क्लबात हत्यारं दुरुस्त करत होतात, ती खोली मला इथं दुबईत रोज आठवते. खिडकीत वाळूची पिशवी, तिच्यावर रायफल, मागचा बोल्ट काढून ठेवलेला. मी बावीस वर्षांचा, बी.कॉम.ला दुसऱ्यांदा आपटलेला, म्हणून तुमच्या हाताखाली. मागून डोळा लावला की रायफलीच्या रिकाम्या नळीतून दूरच्या पाण्याच्या टाकीवरचा काळा आकडा दिसतो. नळी तिथंच ठेवून फुलीही त्या आकड्यावर आणायची. फुकटातलं लेझर. पण ही फक्त ओळख, म्हणायचात तुम्ही. नळी कुठं बघते ते कळलं, गोळी कुठं जाते ते गोळीलाच विचारावं लागतं. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी न झाडताच एका रायफलीला ‘झिरो केली’, म्हणजे फुली तिथंच गोळी, अशी चिठ्ठी बांधली. तुम्ही आलात, नळीला हात लावलात, ती गार होती. चिठ्ठी सोडलीत आणि समोर बसलेल्या वकीलसाहेबांना म्हणालात, “हा आमचा मुलगा. अक्षर चांगलं आहे, रायफलीचं माहीत नाही.” वकीलसाहेब हसले. मी अजून हसलेलो नाही.

तर लेझर घ्यावा का? ज्या रायफलीचा बोल्ट निघत नाही, मागून डोळा लावता येत नाही, तिथं घ्यावा. पहिल्या चार गोळ्या मातीत जायच्या वाचतात. पण स्वस्तातला लेझर नळीत जरा फिरवून बघा, ठिपकासुद्धा भिंतीवर गोल फिरतो. म्हणजे तोच वाकडा, आणि आपण त्याच्यावरून दुसऱ्याला सरळ करतोय. गोळी निशाणाच्या कागदावर येते, मधोमध येत नाही. हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “बहुत अच्छी चीज है, साहब.”

तुम्ही विचाराल, मग झाडून का बघत नाहीस? रेंज शहराबाहेर वाळवंटात आहे, तिथं जायला कंपनीनं पास काढून द्यावा लागतो, आणि मॅनेजर दोन वर्षं ‘इन्शाल्ला’ म्हणतोय. मी हत्यार जुळवणारा माणूस आहे, ज्यानं ते झाडायचं नाही. स्वयंपाक करायचा, चाखायचा नाही. नोकरी सोडली तर व्हिसा जातो, माझ्या व्हिसावर बायको आहे आणि मुलगा आहे, ज्याची यंदा बारावी. त्याला मागे एकदा सांगितलं की मी न झाडलेल्या रायफलींच्या कार्डावर ‘झिरो’ लिहून सही करतो. तो म्हणाला, “बाबा, इट्स जस्ट अ कार्ड.” त्याचंही अक्षर चांगलं आहे.

गिऱ्हाईक इथलेच वयस्क गृहस्थ, शुक्रवारी नातवाला घेऊन परदेशात शिकारीला निघालेत. मी लेझर लावून दुर्बीण जुळवली. फुली सरकवायच्या दोन चकत्या दुर्बिणीवर असतात, त्यातली वरची आठावर आली, बाजूची तीनावर. येईल तिथं येऊ द्यायची असते. मी कार्डावर ‘झिरो’ लिहून सही केली आणि पेटी आणायला आत गेलो. परत येतो तो मॅनेजर रायफल पुसत होता, आणि पुसता पुसता त्यानं दोन्ही चकत्या फिरवून शून्यावर आणल्या. कार्डावर झिरो लिहिलंय आणि इथं आठ कसे? नीटनेटका माणूस. माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम भूल गये थे. मैंने कर दिया. यल्ला, पॅक करो, खलास.”

जुळवलेलं सगळं गेलं; चकत्या पुन्हा आठावर आणि तीनावर न्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण गिऱ्हाइकासमोर त्याला चूक म्हणायचं, म्हणजे कंपनीनं ठेवून घेतलेला माझा पासपोर्ट संध्याकाळी टेबलावर, घरी जा म्हणून. मी पॅक केली. इथं आम्हा सगळ्यांनाच ‘रफीक’ म्हणतात, म्हणजे दोस्त. त्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “रफीक, निशाना ठीक है ना?” दोन वर्षं ज्या शब्दाला मी शिव्या घालतोय, तोच तोंडातून निघाला. ते “इन्शाल्ला” ऐकून समाधानानं गेले. तिकडे त्या रायफलीची गोळी चुकीच्या जनावराला, अर्धवट, किंवा जनावराच्या पलीकडे कुणा माणसाला लागेल, आणि कार्डावर माझं सुंदर अक्षर असेल.

आज बुधवार. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, मी मागच्या खोलीत खोक्यांमध्ये बसून हे लिहितोय. हे तुम्हाला पाठवायचं नाहीये, ते काही सांगायला नको. त्या गृहस्थांचा नंबर पावतीवर आहे. झाडून बघितल्याशिवाय नेऊ नका, एवढं त्यांना कळवायला दोन ओळी पुरतील. त्या लिहायला लागू नयेत म्हणून तुम्हाला चार पानं लिहिली.