आमच्या गावाचा फोन आधी

८ सप्टेंबर १९९४, गुरुवार
चोपड्याहून टेलिफोनवाले साहेब येऊन गेले. बिनतारी फोनच्या खांबापाशी तासभर खुडबुड. आठ गावांत मिळून दोनच लाइनी. दोन गावं बोलत असली की तिसऱ्याने नुसतं कानाला लावून बसायचं. आता आमच्या गावाला पहिला मान, आरोग्य उपकेंद्राच्या नावाने मागितला म्हणून. इथली नर्स म्हणून अर्ज मीच दिला होता. गावातल्या विमलचं पहिलं बाळंतपण विसरता येत नाही. लाइन मिळाली नाही, चोपड्याच्या दवाखान्याची जीप उशिरा आली, मूल गेलं. या खेपेला तसं व्हायला नको. एवढ्यासाठीच सगळं.
फोन मात्र धनाभाऊंच्या दुकानात. केळीचे व्यापारी, वर सरपंचांचे मेहुणे.

११ सप्टें.
भाऊंकडून केळीचा अख्खा घड! तीन वर्षांत एक केळं दिलं नव्हतं. "ताई, तुमनामुये फोन उचलताच लागस." हसत होते. मला नाही आवडलं ते हसणं. घड शेजारच्या अक्कांना देऊन टाकला. (एक फणी ठेवली. खोटं कशाला लिहा.)

१५ सप्टें.
सकाळी मुद्दाम दुकानावरून गेले. भाऊ फोनवर. दिल्लीचा भाव, मग भुसावळला वॅगनची चौकशी. ठेवतायत, पुन्हा उचलतायत. हटकलं तर म्हणे, "गावनाच फोन शे ना? मी काय परका शे का?" साहेबांना चहापाणी यांनीच केलं असणार. अर्ज माझा, फायदा यांचा. बरी बनवली मला.

१९ सप्टें.
चोपड्याला मीटिंग. नदीपलीकडच्या उपकेंद्राची नर्स सुमन भेटली. "आमचा फोन बोलता बोलता तुटतो गं. हल्लीच सुरू झालंय." म्हणजे आमच्या पहिल्या मानापासूनच! तडक टेलिफोन ऑफिसात. साहेब अगदी शांत. "तुमच्या गावाने उचलला आणि लाइन मोकळी नसली, की कोणाची तरी तुटणारच. नाहीतर तुम्हाला देणार कुठून?"
आधी का नाही सांगितलं?
"तुम्ही विचारलं नाही."
हा मान बंद करायचा तर नवा अर्ज. तिथेच बसून लिहिला. मग विमल डोळ्यांपुढे आली, नववा भरलेली. अर्ज पिशवीत घालून घरी आणला. सुमनला काही बोलले नाही. भाऊंना एवढ्या शिव्या घालते मनात, आणि मी...

२४ सप्टें.
सकाळी विमलला कळा. बाळ आडवं. धावत दुकानात. भाऊ जळगावला गेलेले, वहिनींनी दार उघडलं. उचलला, लगेच लागला. जीप आली. चोपड्याला ऑपरेशन, मुलगी, दोघी सुखरूप. रडूच आलं मला.
व्हरांड्यात जीपच्या ड्रायव्हरला म्हटलं, देवासारखे आलात भाऊ.
तो म्हणाला, "दुसरीकडेच निंघनार व्हतू, ताई. फोन मीच उचलेल व्हता. एक बाई रडी ऱ्हायंती. गावनं नाव सांगाना पहिलेच कट व्हयना. मंग लगेच तुमना उना."
नाव सांगायच्या आत जिचा फोन तुटला, त्या बाईचा पुन्हा आला का, विचारलं. त्याला माहीत नाही. तो तर आमच्याकडे यायला निघाला होता.

२५ सप्टें.
झोप नाही. सुमनला फोन करावा म्हणून दुकानात गेले. भाऊ परत आलेत. काल ते गावातच नव्हते; दोष टाकायला आज तेही उपयोगाचे नाहीत. म्हणाले, "उचला ना ताई, आपला लागसच."
हात पुढे जाईना. आत्ता कोणीतरी बोलत असेल.
एसटी दहाला आहे. सात गावं पालथी घालायची, त्या बाईसाठी. आधी सुमनचं.