सवतीचं नवं घर

प्रिय आई,

फोनवर सांगितलेलं तुमच्यापर्यंत निम्मंच पोचतं, आणि तेही भाऊजींच्या शब्दांत, म्हणून हे पत्र कुरियरनं पाठवतेय. जाऊबाईंनी ते आधी उघडलं असेल तर त्यांनी खुशाल वाचावं. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं तर तुमचा चष्मा शोधायचा त्रास वाचेल.

भाऊजींचा फोन मला सोमवारी कामावर आला. एक तारखेपासून तुम्ही वृद्धाश्रमात राहणार, जागा हवेशीर आहे, नर्स आहे, फॉर्मवर तुमची सही तेवढी राहिली आहे, हे सगळं त्यांनी तीन मिनिटांत उरकलं. सोबत न्यायची यादीही वाचून दाखवली. एक बॅग, दोन चादरी, औषधं. शिलाई मशीन चालणार नाही, स्टूल चालणार नाही. मी तेव्हा कुण्या आजोबांच्या कवळीला पॉलिश करत होते, चाक फिरत होतं, आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. ते 'बरं' मला चार दिवस टोचतंय. ते मी परत घेतलं आहे, हे आधीच सांगून टाकते. का घेतलं ते सांगायला मात्र तुमच्या नावडत्या विषयावरून जावं लागेल. माझ्या सवतीनं घर बदललं.

सवत हे नाव तुमचंच. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या थोरल्यानं शोभेच्या माशांच्या दुकानातून ती डबी आणली, झाकण उघडून आतला नखाएवढा केसाळ कोळी दाखवला, आणि याला टॅरंटुला म्हणतात, ही मादी आहे, वीस वर्षं जगेल, असं कौतुकानं सांगितलं. तुम्ही दोन्ही पाय स्टुलावर घेतलेत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, 'बघ बाई, सवत आणलीय तुझी, आणि वीस वर्षांची बोली करून आणलीय.' तो तिला बाईसाहेब म्हणायचा, पण घरात नाव चाललं ते तुमचंच. सवत वाढत वाढत तळहाताएवढी झाली आणि मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या डब्यात राहू लागली. त्या खोलीत तुम्ही पाऊल टाकलं नाहीत. तुमचा झाडू उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथून माघारी फिरायचा. तो तिला दुकानातून आणलेली झुरळं खाऊ घालायचा, आणि ज्या घरात तुमच्या चपलेच्या धाकानं एक झुरळ फिरकत नव्हतं, तिथं ती पैसे देऊन विकत आणली जातात यावर तुम्ही आठ दिवस अबोला धरला होतात.

पुढचं आपण दोघी कधी बोललो नाही. आज मी बोलणार आहे. तो सकाळी डबा घेऊन कामावर गेला आणि दुपारी दुसऱ्याच कुणीतरी त्याचा डबा परत आणून दिला. तुमचा मुलगा गेला होता आणि पडून राहिले मी. चार महिने. तुम्ही खोलीच्या दाराशी ताट ठेवायचात, तासाभरानं उचलायचात, आणि मी जेवले का नाही हे एका शब्दानं विचारायचा नाहीत. तेव्हा मला वाटायचं, ही बाई दगडाची आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण वाटायचं खरं. चार महिन्यांनी उठले, मागच्या खोलीत गेले, तर सवत जिवंत. पोट गरगरीत, पाण्याची वाटी भरलेली. हे कोळी महिनोन्महिने उपाशी राहतात असं तुमच्या थोरल्यानं सांगितलं होतं, तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. वाटीतलं पाणी चार महिने कसं टिकलं हा प्रश्न मला पडला नाही. अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

मग भाड्याचं ते घर सोडायची वेळ आली, आणि पाच-सहा माणसांनी बसून ठरवलं की आई धाकट्याकडे आणि सून मोकळी. मोकळी हा शब्द भाऊजींचा. ते काही वाईट मनानं म्हणाले नाहीत. माणूस वाईट नाही, घाईचा आहे, प्रत्येक गोष्ट त्याला संध्याकाळच्या आत मिटवायची असते. पण मला मोकळं व्हायचंय का, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही हाताची घडी तोंडावर बोट करून बसले. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी खाली पाहिलं. त्या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते.

आता माझी जागा सांगते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, दिवसभर खालून हवा भरल्याचा आवाज येतो, आणि कवळ्यांची आमची लॅब चालत सात मिनिटांवर आहे. घरमालकीणबाईंनी विचारलं होतं, कुत्रं-मांजर नाही ना. मी सांगितलं, नाही, आठ पायांची एक आहे, भुंकत नाही आणि आठवड्यातून एकदा जेवते. त्या दारातूनच डोकावल्या, झाकण घट्ट असू द्या म्हणाल्या, आणि विषय संपला. खरं बोललं की कामं किती लवकर होतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळतंय.

सामान हलवताना प्लॅस्टिकच्या डब्याला तडा गेला होता. तो वाढत चालला, तेव्हा मी माळ्यावरचं ते खोकं काढलं. तुम्हाला आठवत असेल, काचेची नवी पेटी, जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं आणलेली. रविवारी लावू म्हणाला होता. दीड वर्ष मी खोक्याला हात लावला नव्हता. उघडलं तर काचेवर बाहेरून चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर त्याच्या अक्षरात 'माती इथपर्यंत' असं लिहिलेलं. माती खोल हवी, म्हणजे वर जागा कमी राहते. हा प्राणी उंचावरून पडला की पोट फुटून मरतो. मी पट्टीपर्यंत माती भरली, मग खाली बसून पोटभर रडले, आणि मग उठून कामाला लागले.

आणि कामाला लागले ती तुमची सून म्हणून. तुम्ही शिकवलेली स्वच्छता काय सांगावी. नारळाच्या भुशाची नवी कोरी माती आणली होती, ती चांगली भिजवली. सवत झाडाच्या ज्या सालीखाली राहायची ती साल उकळत्या पाण्यातून काढली. वाटी घासून लख्ख केली. जुनी माती, जाळी, केस, सगळं पिशवीत बांधून जिन्याखाली ठेवलं. मग लॅबमधला प्लास्टर कालवायचा वाडगा तिच्यावर हळूच पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला, आणि मेणाच्या कामाचा मऊ ब्रश मागून टेकवत टेकवत तिला नव्या घरात उतरवलं. स्वतःवर खूश होऊन मी चहा करून घेतला.

सवत मात्र खूश नव्हती. ती थेट काचेवर चढली आणि झाकणाच्या कोपऱ्याला आठही पाय रोवून बसली. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. मातीला पाय लावायला तयार नाही. झुरळ सोडलं तर ते खाली मजेत फिरतंय आणि ही वर भिंतीला चिकटलेली. तिथून पडली असती तर संपलंच होतं. मी कामावर कवळीत दात बसवायचे आणि मनात हीच, पडली असेल का. त्याच्या हातची एकच जिवंत गोष्ट माझ्याकडे उरली होती आणि ती मी स्वच्छता करून मारत होते.

भाऊजींचा फोन आला त्याच दिवशी, कामावरून सुटल्यावर, मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. साल उकळली? त्याच्या मते मी तिचं घर बदललं नव्हतं, तिला रस्त्यावर काढलं होतं. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ती पायांनी आणि वासानं ओळखते, आणि मी तिच्या ओळखीचं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. वर माती चिंब. जुनी माती फेकली नसेल तर आणून घाला, म्हणाला. आणि मग झुरळांची डबी भरता भरता त्यानं सहज विचारलं, 'तुमच्याकडच्या त्या आजी बऱ्या आहेत ना? बरेच महिने दिसल्या नाहीत.'

मी विचारलं, कोणत्या आजी. आई, त्यानं तुमची नक्कल करून दाखवली. रुमालाचा बोळा नाकाला लावलेला, डबी हातभर लांब धरलेली, तोंड दुसरीकडे. दर बुधवारी, चार महिने. मोठी नकोत, मध्यम द्या, मोठ्यांना ती घाबरते, असं त्याला बजावायचात म्हणे. एकदा डबीचं झाकण सैल होतं म्हणून तुम्ही त्याला भर दुकानात झापलंत. आणि पहिल्या बुधवारी तुम्ही त्याला सांगितलं होतंत, 'घरात एक जेवत नाही, तेवढं पुरे. दुसरीला मी उपाशी मरू देणार नाही.'

आधी मला तुमचा राग आला. सांगायला काय झालं होतं? मग रस्त्यावरच उभी राहून मी इतकी हसले की समोरचा माणूस वळून बघायला लागला. जन्मभर झुरळांमागे चप्पल घेऊन धावलेली बाई ती निवडून विकत घेत होती. ज्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही, तिथं जाऊन झाकण उघडत होती. कशी उघडलीत हो? मी अजून विचार करते. डोळे मिटून? तुमचं लेकरू गेलं होतं, आणि तुम्ही एका दाराशी ताट ठेवत होतात आणि दुसऱ्या दाराआड झुरळ. तुम्हाला दगडाची म्हटल्याबद्दल माझी जीभ झडो.

घरी आले. कचरा न्यायला यायचा माणूस सुदैवानं आठ-दहा दिवस आला नव्हता आणि पिशवी जिन्याखालीच होती. ओली माती काढली, कोरडी भरली, तिच्यावर जुनी माती जाळ्यांसकट पसरली. साल उकळून वाया गेली होती, तर तिच्याखालीही जुनीच माती दडपली. अंधार पडायच्या आत सवतीनं एक पाय खाली टेकवला, काढून घेतला, पुन्हा टेकवला. दुसऱ्या दिवशी ती सालीखाली होती. आज सकाळी तिच्या सालीच्या दाराशी नवी जाळी विणलेली दिसली आणि झुरळ गायब. मध्यम होतं.

तर आई, त्या फॉर्मवर सही करू नका. त्यासाठीच हे सगळं लिहिलं. शनिवारी सकाळी दहाला मी टेम्पो घेऊन भाऊजींच्या दारात येतेय, आणि मला एक बॅग नकोय, मला सगळं हवंय. मशीन, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं ते स्टूल, तुमची जुनी उशी. काहीही धुऊ नका, अभ्राही नाही. खिडकीची खोली तुमची, मशीन मावतं, मी मोजलं आहे. पहिले काही दिवस तुम्हाला झोप येणार नाही, जेवण जाणार नाही, भिंतींकडे बघत बसाल. मी बनवलेली कवळी पहिल्यांदा घातलीत तेव्हा पंधरा दिवस मला शिव्या दिल्यात, तशा याही वेळी द्या. मी दाराशी ताट ठेवीन आणि एका शब्दानं विचारणार नाही. घरमालकीणबाईंना सांगितलंय. कोळी चालतो म्हणणारी बाई सासू-सून एका घरात म्हटल्यावर जरा विचारात पडली, पण झाली तयार. तुमचं मन नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांगा, मी टेम्पो रिकामा नेईन. पण सांगायचं तुम्ही, दुसऱ्या कुणी नाही. भाऊजी विचारतील, मुलगाच राहिला नाही तर ही कोणत्या नात्यानं नेते. त्यांना सांगा, ज्या नात्यानं तुम्ही बुधवारी झुरळं आणायला जात होतात, त्याच. आणि एक, डबीतली झुरळं संपत आली आहेत. येत्या बुधवारी दुकानात तुम्हीच जा, तो दुकानदार माझं ऐकत नाही, दर वेळी मोठीच घालतो.

तुमचीच, मोकळी न झालेली,
थोरली