त्रेसष्ट नंबरची फाइल

तीर्थरूप मामांना,

भाचीचा अर्धवट वाकून नमस्कार (पूर्ण वाकता येत नाही, कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला, की अजूनही पाहुणे आले की वाढतो? ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बारीक अक्षर दिसायला लागलं का? आणि घराच्या माळ्याची तब्येत बरी आहे ना? (माळ्याचं सहज विचारलं. जुनी घरं, वाळवी लागायला वेळ लागत नाही.)

मी ठीक आहे, म्हणजे शिंका सोडल्या तर. तुम्हांला ठाऊकच आहे की मी सरकारची जुनी कागदपत्रं कायमची जपून ठेवायच्या अभिलेखागारात कामाला आहे, जरी आई अजून शेजाऱ्यांना ‘पोरगी रद्दीच्या खात्यात आहे’ असंच सांगते. तर गेल्या महिन्यात हुकूम आला, की नदीमोजणीची कचेरी बंद होतेय, इमारत रिकामी करायचीय, तेव्हा तिथले कागद ताब्यात घ्या. हो, तीच कचेरी, जिथे तुम्ही नोकरीची पहिली नऊ वर्षं रोज सकाळी पाण्यातल्या खांबावरचे आकडे वाचून वहीत मांडलेत. (जिचं नाव काढलं की तुम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरता, तीच.)

तिथल्या भांडारपालांनी मला दारातच अडवलं. गठ्ठे वापरात आहेत, म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. एक गठ्ठा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला, दोन पाण्याच्या पिंपाखाली आणि चार साहेबांच्या खुर्चीवर. साहेब उंचीला बेताचे. मी ते चार अदबीने काढून घेतले, तर साहेब टेबलाआड मावळले आणि तिथूनच हात वर करून त्यांनी पावतीवर सही केली. मागच्या खोलीत उंदरांनी रजेचे सगळे अर्ज कुरतडून घरटं बांधलं होतं. त्या कचेरीत रजेचा अर्ज कुणाच्या कामी आला असेल तर तो उंदरांच्याच, असं खुद्द भांडारपाल म्हणाले. फडताळाच्या अगदी वरचा गठ्ठा मी ‘त्यात काय एवढं’ म्हणून एकटीने उतरवला. गठ्ठा खाली आला, कंबर वरच राहिली.

गेले अकरा दिवस आम्ही गंजलेल्या टाचण्या काढतोय, मऊ ब्रशाने पान न् पान झाडतोय आणि सुती फितीने बांधतोय. (चुकून रबरबँड दिसला तर आमच्या मोठ्या बाईंचा रक्तदाब वाढतो.) खरं सांगू मामा, तुमच्या वह्या हातात आल्या तेव्हा मला भरून आलं. नऊ वर्षांत एक खाडाखोड नाही. पुराच्या आठवड्यात पानं भिजून फुगलीत, पण आकडा एकही रेषेबाहेर नाही. मी त्या मोठ्या बाईंना दाखवल्या. त्या कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत, पण चष्मा काढून ‘कोण हो हे?’ म्हणाल्या. माझा मामा, हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण माशी शिंकली ती मोजणीत. यादीत फाइली दोनशे चौदा, आणि हातात दोनशे तेरा. मोठ्या बाईंचा नियम साधा आहे: यादी जुळली तर सगळं आत, नाही जुळली तर सगळं परत. आणि परत म्हणजे कुठे, तर कचेरीच्या फाटकाशी रद्दीवाला आत्तापासून उभा आहे आणि नुसत्या नजरेनेच वजन करतोय. त्यात तुमच्या वह्याही जातील. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. असो, तुम्हांला कशाला त्रास! गुडघ्याला शेक देत चला.

तुमची,
भाची

ता. क. गहाळ फाइल त्रेसष्ट नंबरची आहे. नोंदवहीत तिच्यासमोर ‘पाहण्यासाठी नेली’ असा शेरा आहे, एकतीस वर्षांपूर्वीची तारीख आहे, आणि शेपूट खालच्या ओळीत गेलेली एक सही आहे. ती मी नाही ओळखणार तर कोण? शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांना चोरून तीच असायची. मी मामीला फोन केला. ‘कुठली फाइल?’ असं तिने विचारलंच नाही, नुसता सुस्कारा टाकला. मामा, फाइल माळ्यावर आहे. द्या ना.

आणखी एक ता. क. तिच्यात काय आहे तेही मला कळलंय, रागावू नका. मेमोची कार्बन प्रत दुसऱ्या फाइलीत निघाली. ‘सलग चार दिवस नदी एकाच पातळीवर कशी? ही नदी आहे की भिंतीवरचं चित्र? घरी बसून आकडे लिहिल्याबद्दल खुलासा करावा.’ तुम्ही खुलासा केला नाहीत. फाइल काखोटीला मारलीत, बदली मागून घेतलीत आणि पुन्हा नदीचं नाव काढलं नाहीत. ज्याच्या वहीत एक खाडाखोड नाही त्याला हे ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटचा ता. क. (हे आधीच लिहिलं असतं, तर तुम्ही वरचं काहीच वाचलं नसतंत.) काल एक सडपातळ फाइल निघाली. वर लिहिलंय, ‘मूळ फाइल क्र. ६३ सापडत नसल्याने तात्पुरती उघडली’. आत दोनच कागद. पहिला वरच्या धरणाचा: त्या चार दिवसांत दरवाजांची दुरुस्ती चालू होती, पाणी एका पातळीवर रोखलं होतं. दुसरा, मेमो देणाऱ्या तेव्हाच्या साहेबांचाच: ‘आकडे अचूक होते. चूक माझी. मेमो मागे घेत आहे. संबंधितास कळवून हा आदेश मूळ फाइलला लावावा.’ आणि खाली कारकुनाचा शेरा: ‘मूळ फाइल मिळताच कळवू.’

मामा, ते एकतीस वर्षं तुमच्या माळ्यावरची फाइल शोधत होते. इथला कागद बाहेर जात नाही, मामासाठीसुद्धा नाही, तेव्हा तुम्हांलाच यावं लागेल. वाचायची खोली दहाला उघडते. फाइल घेऊन या, म्हणजे तो आदेश मी तुम्हांला रीतसर बजावीन.