‘फे’चा तिसरा अर्थ

४ मे १९३६

एडिंबरोहून पत्र! स्कॉट्स बोलीच्या शब्दकोशाच्या संपादकांचं, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. नऊ वर्षं शब्दांच्या चिठ्ठ्या पाठवतेय, पोचसुद्धा कधी आली नव्हती. आता एका चिठ्ठीवर त्यांचं घोडं अडलंय – ‘फे’.

५ मे

लंडनकडची माणसं हा शब्द परीसारख्या नाजूक माणसाला लावतात. चूक! परीलाही इंग्रजीत ‘फे’ म्हणतात, पण तो शब्द निराळ्या कुळातला. उच्चार सारखा, म्हणून लोकांनी दोघांना भाऊ करून टाकलं. आमचा ‘फे’ नॉर्स लोकांच्या गलबतांतून आमच्या शेटलंड बेटांवर उतरला – ‘फेइग्र’, म्हणजे ज्याचं मरण ठरलंय तो. त्याच मुळाचा जर्मनांकडे ‘फाइग’ झाला. अर्थ काय, तर भित्रा!

आणि तिसरा अर्थ – मरण जवळ आलं की माणसाला उगीचच चढते ती खुशी. संपादक लिहितात, हा अर्थ मेला असं आम्ही धरलंय. जिवंत माणसाच्या तोंडचं एक वाक्य हवं. कोण बोललं, कधी, कुणाबद्दल. महिनाअखेर पान छापायला जाणार.

मेला म्हणे! दाखवतेच.

७ मे

शेजारच्या ओस्लाला विचारलं. सत्तरीची बाई, सगळं बेट तिच्या जिभेवर. पण चूलच ढोसत बसली.

“बाई, तो शब्द घरात काढू नका. माझा मॅग्नी दर्यावर आहे.”

“अगं, मला फक्त अर्थ हवाय.”

“अर्थच तर नको.” आणि बॅनॉकचा, ओटच्या जाड भाकरीचा, तुकडा पुढे केला. खा आणि गप्प बसा.

८ मे

तरी राग नाही आला. घरी येताना चक्क गात होते. माझी लेसची शाल ओस्लाच्या सुनेला देऊन टाकली. कसर लागण्यापेक्षा बरं. शाळेत गणिताच्या तासाला सुट्टी दिली, तर पोरं माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

११ मे

काही नाही. नुसता वारा.

१२ मे

मिळालं! मिळालं!! शाळा सुटल्यावर दलदलीच्या मातीच्या जळणाच्या विटा उचलायला माळावर गेले. बांधापलीकडे ओस्ला लेकाला, मॅग्नीला, सांगत होती – “गाणं काय, हसणं काय, वस्तू वाटणं काय... फे झालंय ते माणूस, माझं ऐक.”

वाक्य तिथल्या तिथे उतरवलं आणि पळत सुटले. या वयात! नाव तेवढं ऐकू आलं नाही. म्हातारा लॉरी असणार. जन्मात न हसलेला माणूस परवा लग्नात नाचला.

१३ मे

मॅग्नीला म्हटलं, उद्या तुझ्या होडीतून लर्विक बंदराला येते, चिठ्ठी स्वतः टपालात टाकते. बिचारा टोपी चुरगळत उभा. “चिठ्ठी द्या बाई, मी टाकतो. तुम्ही होडीत नका येऊ.” का, ते सांगेना. विचित्र मुलगा.

१४ मे

सकाळी ओस्ला आली. माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. “बाई, गाऊ नका हो.”

चिठ्ठी पुरी केली. बोलणारी – ओस्ला मॅन्सन. तारीख – १२ मे. कुणाबद्दल – मी.

भीती वाटतेय. पण खुशी काही केल्या उतरत नाही.