दोन बोटं आखूड दस्ता

पेल्की, ६ ऑक्टोबर १९५८

ती. आउनेताईस,
रेइनोचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. मार्त्ताने बटाटे काढून तळघरात टाकले, मुलं शाळेत जातात आणि मी घरात बसून सगळ्यांच्या पायात येतो. लाकडाची गिरणी ऑगस्टपासून बंद आहे हे मागे लिहिलंच होतं.

काम असं आहे. बाबांच्या रायफलीचा दस्ता मोडला. ओढ्यावरच्या ओल्या ओंडक्यावरून पाय घसरला, मी एकीकडे आणि ती एकीकडे. चापामागे दस्ता बारीक होतो ना, बरोबर तिथेच दोन तुकडे. रायफल इतकी जुनी की इथल्या दुकानदाराने नुसती मान हलवली. तुमच्या डुलुथमध्ये कुणाकडे तरी मिळेल. रायफल आणि तुकडे खोक्यात घालून रेल्वेने धाडतोय. १५ नोव्हेंबरला शिकारीचा सीझन उघडतो. दोन हरणं मिळाली तर पाच माणसांचा हिवाळा निघतो, नाहीतर नुसते बटाटे.

चर्चमधल्या बायकांत बोलू नकोस. सीझनच्या आधी रायफल घेऊन मी ओढ्यावर काय करत होतो, हे शिकारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला कळायला नको. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून आधीच सांगतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, रेइनो

डुलुथ, १४ ऑक्टोबर

चि. रेइनो यास अ. उ. आ.

माझ्या पोटात काय काय राहिलंय ते कळलं तर तुझी झोप उडेल. आपल्या सौनाची, त्या वाफेच्या न्हाणीची खिडकी कुणी फोडली हे बाबा वारले तरी त्यांना कळलं नाही.

चार दुकानं पालथी घातली. एक म्हणाला दुसऱ्याच रायफलीचा दस्ता तासून बसवतो, एक म्हणाला आता शोभेला भिंतीवर टांगा. शेवटी बंदराजवळ ब्रेक्के नावाचा म्हातारा नॉर्वेजियन सापडला. हा दस्ते हाताने कोरतो. अक्रोडाचा ठोकळा आहे त्याच्याकडे, दहा दिवसांत देतो म्हणाला.

पण रेइनो, त्याने तुकडे खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिले आणि मला विचारलं की एवढा राग कुणाला आला होता. मी सांगितलं, भाऊ घसरून पडला. त्यावर तो म्हणाला की पडून मोडला तर लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने उभं चिरतं. हा आडवा तुटलाय आणि खांद्याकडच्या टोकात मेपलच्या झाडाची साल रुतून बसलीय. कुणीतरी नळी दोन्ही हातांनी धरून झाडावर आपटलीय, आणि एकदा नाही, दोनदा. तोंड कुठे लपवावं असं झालं मला.

बाबांची रायफल तू आपटलीस? ती पुसून ठेवल्याशिवाय जेवायला बसत नाहीस तू. काय झालं ते खरं लिही. त्याशिवाय मी ब्रेक्केला लाकडाला हात लावू देणार नाही.

लोभ आहेच, पण तुझं पत्र येईपर्यंत मला चैन नाही.
आउने

पेल्की, २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या म्हाताऱ्याला दस्ता करायला सांगितला होता, पंचनामा नाही. एवढं लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आता लिहितो.

संध्याकाळ होती. ओढ्यापलीकडच्या झुडपांत काहीतरी तपकिरी हललं. मला मान दिसली, कान दिसले, शपथेवर सांगतो दिसले. मी चाप ओढला आणि मार्त्ता किंचाळली. कॉफीचा थर्मास घेऊन ती मला शोधत आली होती, तिचा तो तपकिरी कोट घालून. गोळी तिच्या कानाशेजारच्या बर्चच्या झाडात घुसली. वीतभर अंतर, ताई. पुढे मी काय केलं ते तुझ्या म्हाताऱ्याने ओळखलंच.

ती थर्मास उचलून वळली. घरी आली आणि मुलांना जेवायला वाढलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यापासून डोळ्यांपुढे धुकं येतं, अंधारून आलं की जास्त. गिरणी बंद नाही. करवतीवर माझा अंदाज चुकला म्हणून मला काढलं. मार्त्ताला सांगितलंय की मुकादमाशी भांडण झालं. डॉक्टरकडे गेलो तर ट्रकचं लायसन्स जाईल, मग तेही काम मिळायचं नाही. लख्ख उजेडात मला दिसतं. मी फक्त भर दुपारी जाईन. दस्ता पाठव. मुलांच्या ताटात काय घालू, तूच सांग.

रागव, पण तोडू नकोस.
रेइनो

डुलुथ, २४ ऑक्टोबर

चि. रेइनो यास अ. उ. आ.

पत्र वाचलं. दवाखान्यात कामावर चादरी मोजताना तीनदा चुकले.

भर दुपारी जाईन म्हणतोस. हरणं भर दुपारी पडून असतात हे बाबांनी मला सांगितलं होतं, तुला सांगायचं राहिलं वाटतं. रायफल पाठवावी तर कुणाचा तरी जीव जायचा, न पाठवावी तर तीन मुलं उपाशी. मी झोपत नाहीये. आधी डोळे दाखव. पाठवायचं की नाही ते मी ठरवेन, आणि तू मला घाई करायची नाही.

सोबतची चिठ्ठी मार्त्ताला दे. तिला स्वेटर विणायला घेतलाय, हाताचं माप हवंय. उघडून वाचू नकोस.

जिवाला जप, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही.
आउने

पेल्की, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

रायफल काल आली. लाकूड असं सुरेख की बाबा हात फिरवत बसले असते. पण तुझा म्हातारा चुकला. दस्ता दोन बोटं आखूड आहे. खांद्याला लावला की अंगठा नाकाशी येतो. मापासाठीच तर तुकडे धाडले होते ना मी? आता परत पाठवायला वेळ नाही, सहा दिवस राहिले. नाक फुटलं तरी चालेल, मी हीच घेऊन जाणार. डॉक्टरचं मागाहून बघू.

कृपा असू दे.
रेइनो

पेल्की, १६ नोव्हेंबर

ती. वन्संना,
मार्त्ताचा सा. न. वि. वि.

स्वेटर मिळणार नाही, हाताचं माप कशासाठी हवं होतं ते मला कळलं. ह्यांनी चिडून रायफल टेबलावर ठेवली, तेव्हा मी उचलून खांद्याला लावली. गाल आपोआप जागेवर बसला. लग्नाआधी मी भावांबरोबर शिकारीला जायचे, हे तुम्ही विसरला नाहीत. ह्यांनी माझा अंगठा आणि नाक यांतलं अंतर पाहिलं. मग म्हणाले की ताई पहिल्यापासून अशीच आतल्या गाठीची. दोन दिवस धुसफुसत होते, तिसऱ्या दिवशी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला.

काल उजाडल्यावर दोघं निघालो. मी लाल कोट घातला. रायफल माझ्याकडे, हे मागे. त्याच ओढ्याशी बसलो. बऱ्याच वेळाने झुडपांत काहीतरी हललं. ह्यांनी कानाशी सांगितलं, हरीण आहे, मार. त्या दिवशी मी ह्यांना कशी दिसले असेन, तेच मनात आलं. मी चाप ओढला नाही. पुन्हा म्हणाले, मार, पळेल ते. तेव्हा मी हळूच विचारलं, तुम्हाला काय दिसतंय. ह्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, काहीच नाही, धुकं दिसतंय, तू बघ आणि मला सांग.

मी बघत राहिले. शिंगं दिसली, चारही पाय दिसले, मगच चाप ओढला. मोठा नर आहे. हिवाळ्याची निम्मी काळजी मिटली.

ओढून आणताना हे रडले. सहा आठवड्यांत त्या संध्याकाळबद्दल आम्ही पहिल्यांदा बोललो. गिरणीचंही सांगितलं. मीही पुष्कळ बोलले, सगळं तुम्हाला लिहीत नाही.

उद्या हॅन्कॉकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. ट्रक मी चालवणार आहे.

आमच्यावर अशीच नजर असू द्या.
तुमची, मार्त्ता