हातमोजे घालायची रीत

ती. आईस,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे. अक्षर वाकडंतिकडं आलंय, ते नव्या पेनामुळे.

आनंदाची बातमी म्हणजे मला बढती मिळाली. मासे गोठवायच्या आमच्या कारखान्यात मी आता आपल्याकडच्या बायकांना हातमोजे घालायला शिकवते. एक काकू म्हणाल्या, "दहा बोटं, दहा खोळी, यात शिकायचं काय गं?"

झालं असं, की बोटं बधिर होण्याचा त्रास आपल्याकडच्यांनाच का होतो, म्हणून साहेबांनी सभा घेतली. पूर्वी मुकादम सरळ म्हणायचा, यांचं रक्तच पातळ. आता तसं बोललं की त्याची नोकरी जाते. आणि सगळ्यात थंड खोलीत फक्त आम्हालाच उभं करतात, असं आम्ही बोललो तर आमची जाते. दोघांच्याही तोंडाला कुलूप. शेवटी मीच म्हणाले, "आमच्या बायका हातमोजे नीट घालत नाहीत, साहेब." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी चहा मागवला.

मला काहीच वाटलं नाही. लाजसुद्धा नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? धाकटीला इकडे यायचंय म्हणतेस. नको. तिचा हात शिवणकामात छान बसलाय, तिथेच राहू दे.

हातमोजे मी पहिल्या दिवसापासून अगदी नीट घालते गं. मघाशी पेन हातातून पडलं, ते जमिनीवर वाजलं तेव्हा कळलं.

तुझी,
थोरली